धुऊ नकोस

रविवारी सकाळी शरयूच्या आईनं हुंगी लावली आणि अख्ख्या बिल्डिंगीत शेणाचा वास सुटला.

म्हणजे खरं शेण नाही हो, तिच्या माहेरचा गोठा. मामानं गोठा पाडून तिथं गाड्या धुवायचं सेंटर काढलं, तेव्हा आईनं दावणीचा एक जुना दोर तेवढा उचलून आणला. आता दर रविवारी तो हुंगीच्या कप्प्यात ठेवते, बटण दाबते आणि डोळे मिटून चहा पिते. खालचे जोशीकाका गॅलरीतनं ओरडतात, "वहिनी, म्हशी आवरा!"

हुंगीचं कागदोपत्री नाव गंधवाचक, पण सांगलीत कोण म्हणतंय तसं! कापड, लाकूड, कागद, काहीही ठेवा. ती ते हलकंसं तापवते, त्यातनं उडणारे कण वाचते आणि पोटातल्या शेकडो कुप्यांमधनं थेंब थेंब घेऊन तोच वास परत बनवून हवेत सोडते. घरातल्या हुंगीला ताजे किंवा ठळक वासच कळतात. प्रयोगशाळेतली मोठी हुंगी मात्र काय काय कुजून आणि विटून आज एवढंच उरलंय ते उलटं मोजत मोजत मूळ वासापर्यंत पोचते, मग तो चाळीस वर्षांपूर्वीचा का असेना. आणि त्या हुंगीवर कामाला होती नाझनीन मुल्ला, शरयूची शाळेपासूनची मैत्रीण.

शरयू नटी होती, स्वतःची स्वगतं स्वतःच लिहायची. त्या वर्षी सखीरंग मंडळानं कार्यक्रम ठेवला होता, 'तिच्यामुळे मी'. नव्या लेखिका आणि नट्यांनी प्रत्येकी आपल्याला घडवणाऱ्या एका बाईला रंगमंचावरनं मानवंदना द्यायची, आणि ती सुरू व्हायच्या आधी त्या बाईचा वास प्रत्येक खुर्चीपाशी सोडायचा. कल्पना किती भारी! शरयू नाचतच तालमीला गेली.

आणि तिथं बसल्या बसल्या तिनं नाक मुरडलं. कारण पहिलीची बाई आली, मोगरा. दुसरीची आली, मोगरा आणि चंदन. तिसरीची बाई तर जन्मभर विड्या वळत वळत कविता करायची, तंबाखूनं बोटं पिवळी झालेली तिची, आणि तिचाही वास काय, तर मोगरा!

"शी! ही बाई आहे का अगरबत्ती?" शरयू जोरात म्हणाली.

मंडळाच्या अध्यक्ष वंदनाताई साळवी वळल्या. साडीला एक सुरकुती नाही, केसांत गजरा. "अगं, कार्यक्रम मानाचा आहे. लोकांना प्रसन्न वाटायला नको का? तंबाखू काय हुंगायला लावतेस!"

"पण ताई, ती तशीच होती ना!"

"असेल. म्हणून ते सगळ्यांना कळायलाच हवं असं कुठंय?"

शरयूची बाई होती अनसाबाई सावळजकर, सगळ्यांच्या अक्का. एके काळी तमाशात हिच्या नावावर तंबू भरायचे. शरयू कॉलेजात असताना सुट्टी लागली की सावळजला पळायची आणि अक्कांच्या पायाशी बसायची. उभं कसं राहायचं, शेवटच्या ओळीतल्या माणसाकडं नजर कशी फेकायची, सगळं अक्कांनी शिकवलं. तोंडात मिश्री, गुडघ्याला बाम, आणि चुकलं की अशी शिवी, की बाहेरची कोंबडी पळायची. दोन वर्षांपूर्वी जाताना त्यांनी शरयूच्या हातात आपली स्टेजवरची हिरवी खणाची चोळी दिली. "घे. पण धुऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

शरयूला वाटलं, कलावंताचा घाम, आठवण म्हणून म्हणत असतील. तिनं चोळी तशीच पिशवीत बांधून ठेवली होती. आता ती घेऊन गेली नाझनीनकडं. म्हणाली, "मला खऱ्या अक्का पाहिजेत. मिश्रीसकट."

दुसऱ्या दिवशी नाझनीननं बोलावलं तेव्हा ती हसतच नव्हती. नाझनीन न हसता बसलीय म्हणजे काहीतरी झालं होतं.

"मिश्री सापडली. बाम, रॉकेल, तोंडाची पावडर, सगळं. आणि घाम. पण घाम दोन जातींचा असतो बघ. नाचून येतो तो नुसतं खारट पाणी. घाबरल्यावर येतो तो वेगळा, आंबूस. त्या चोळीत तो आहे."

"अगं, स्टेजची भीती असेल."

"मलाही तेच वाटलेलं. पण तो पाठीवर, मानेखाली जास्त आहे. आणि तिथंच हिन्याचं अत्तर आहे, पुरुष लावतात तसलं. लवंग, केशर घालून खास बनवून घेतलेलं. आणि..." नाझनीननं तोंड वाकडं केलं, "पानाची थुंकी. अक्का पान खायच्या?"

"कधीच नाही. मिश्रीच."

"मग दुसऱ्याची. एकदाची नाही गं, थरावर थर आहेत. आणि प्रत्येक थरात ही तिन्ही बरोबर. अत्तर, थुंकी, भीती." तिनं कागदाची एक पट्टी पुढं केली. "बघ. थोडंच हुंग. भीतीचा घाम हुंगला की हुंगणाऱ्याचं काळीजपण उडायला लागतं."

शरयूनं पट्टी नाकाशी नेली आणि पुढच्या क्षणी टेबलावर फेकून दिली. कारण ते अत्तर तिच्या ओळखीचं होतं! गेल्याच आठवड्यात मंडळाच्या बैठकीत बापूसाहेब खराड्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. बापूसाहेब म्हणजे जुने फडमालक, आता कलेचे आश्रयदाते, कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे. कानात कायम अत्तराचा फाया, गालात पान. "अनसा आमच्याच फडात घडली बरं का पोरी," म्हणाले होते, आणि तो हात डोक्यावरनं मानेपर्यंत घसरला होता. संध्याकाळपर्यंत केसांना तो वास येत होता. शरयूनं बेसिनच्या नळाखाली डोकंच धरलं.

तशीच ओल्या केसांनी ती वंदनाताईंकडं गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताई दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.

"शी!" त्या म्हणाल्या. "आणि हे तू नाट्यगृहात सोडणार? अत्तर काय एकटे बापूसाहेबच लावतात?"

"मी ओळखलंय ते, ताई."

"समजा तेच असलं. तरी जिला मान द्यायला निघालीस, तिचीच लाज चव्हाट्यावर मांडणार? तिनं जन्मभर झाकलं ते तू उघडं करणार? तिला विचारलंस?" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

हे मात्र शरयूला लागलं. खरंच, अक्कांना कुठं विचारलं होतं? आता विचारणार तरी कुणाला?

एकच जागा होती. तिनं सावळजची एसटी धरली. अक्कांची धाकटी बहीण बबूमावशी बेदाण्याच्या शेडवर बेदाणा निवडत बसली होती. तीही फडात मागच्या ओळीत नाचलेली. शरयूनं चोळीचं नाव काढलं आणि मावशीचे हात थांबले.

"धुऊ नको म्हनली व्हती न्हवं?"

"हो. पण का ते नाही सांगितलं."

"मीबी लई येळा इचारलं. म्हनायची, हात लावू नगंस. जाळायला चुलीम्होरं न्यायची, परत ट्रंकंत ठिवायची. का ठिवती, तिचं तिलाच ठावं नव्हतं बग. मग ते तुमचं हुंगायचं मशीन टीव्हीवर दावलं. कापडावरनं मानूस वळखतंय म्हनं. तवा जेवता जेवता ताट सारलं तिनं. बगत ऱ्हायली नुसती. दुसऱ्या दिवशी ट्रंक उगडली आन् मला म्हनली, त्या पोरीला बोलीव, शरयूला."

शरयू तिच्यासमोर खाली बसली.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

बबूमावशीनं एक सडका मणी उचलून लांब भिरकावला. "आमी समद्या कनातीच्या अलीकडं व्हतो. घुंगरं सोडत बसायचो. तिची घुंगरं वाजायची पलीकडं. नाचताना वाजत्यात तशी न्हाई." मग म्हणाली, "आमी मोठ्यानं बोलायला लागायचो."

कार्यक्रमाला नाट्यगृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत मध्ये बापूसाहेब, शेजारी वंदनाताई. एकामागनं एक मोगरे येऊन गेले, टाळ्या झाल्या. मग शरयू आली, हातात ती हिरवी चोळी. वंदनाताईंनी पाठवलेली मोगऱ्याची कुपी यंत्राशेजारी तशीच पडली होती. शरयूनं मान हलवली आणि नाझनीननं बटण दाबलं.

आधी आली मिश्री. बायका खुदकन हसल्या, कुणीतरी ओरडलं, "अय्या, आमची आजी!" मग बाम, रॉकेल, पावडर. लोक सैलावले. खरीच बाई आली म्हणून खूश झाले. मग हिना आला.

बापूसाहेबांनी मोठा श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला!

"अरे, हे तर माझं अत्तर!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खास कनौजहून बनवून घ्यायचो. त्या काळात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं बरं का. अनसानं जपून ठेवलं म्हणायचं!" आणि मागं वळून हसले. काही लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

टाळ्या अर्ध्यात थांबल्या, कारण शेवटचा वास आला होता. शिळ्या पानाचा, आणि त्याखाली तो आंबूस. लोकांनी पदर, रुमाल नाकाला लावले, पण तोवर तो आत गेला होता. काळजं धडधडायला लागली, तळवे ओले झाले.  बायकांना तो वास नवा नव्हता. पुरुष मात्र कावरेबावरे होऊन दारांकडं बघत होते. आपल्याला कशाची भीती वाटतेय हे त्यांना कळेना. असं कधी वाटलंच नव्हतं त्यांना.

शरयूनं काय काय पाठ करून ठेवलेलं, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. ती एवढंच म्हणाली, "ही अक्कांची चोळी. आत्ता येतोय तो वास पाठीवरचा आहे, आणि ही त्यांची भीती आहे. मला म्हणाल्या होत्या, धुऊ नकोस. मी नाही धुतली. बापूसाहेब, अत्तर तुमचं, ते तुम्हीच सांगितलंत. थुंकी कुणाची?"

बापूसाहेबांचा हात कानाकडं गेला. त्यांनी फाया काढला आणि मुठीत दाबला. आता ती मूठ कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवली, खिशात घातली, परत बाहेर काढली.

वंदनाताई उठल्या. सगळ्यांना वाटलं, झालं, यंत्र बंद करणार. त्या बापूसाहेबांसमोर क्षणभर उभ्या राहिल्या, "शी!" म्हणाल्या आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्यामागनं दुसरी उठली, तिसरी उठली. बघता बघता पहिल्या रांगेत एकटे बापूसाहेब उरले.

पुढं बरंच झालं. वकील म्हणाले, हुंगीची साक्ष कोर्टात टिकत नाही. पेपरात दोन्ही बाजूंनी लिहून आलं. पण कार्यक्रमानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी नाझनीननं फोन केला, "ये आधी इकडं, पळत ये," म्हणून शरयू प्रयोगशाळेत पोचली, तर बाहेर व्हरांड्यात बायका बसल्या होत्या.  प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी होती, घट्ट गाठ मारलेली. एकीच्या पिशवीतनं नर्सचा पांढरा कोट डोकावत होता. एकीच्या पिशवीतनं शाळेचा फ्रॉक, अगदी लहान मापाचा.

"हे सगळं यंत्र वाचेल गं," नाझनीन दारात उभी राहून हळू म्हणाली. "पण हुंगणार कोण?"

शरयूची नजर रांगेच्या टोकाला गेली. तिथं वंदनाताई बसल्या होत्या. गजरा नव्हता. मांडीवर एक जुनं पोलकं, पांढरं स्वच्छ, कडक इस्त्रीचं, घडीवर घडी. शरयूला बघून त्या उठल्या आणि ते तिच्यापुढं धरलं. त्याला साबणाशिवाय कसलाही वास येत नव्हता.

"मी धुतलं गं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी धुतलं, आणि नंतरही कितीदा तरी. तरी कळेल का?"