पुसायची राहिलेली किल्ली

शेकोटीत आणखी एक लाकूड सारा आणि ते मोबाइल उलटे ठेवा. भुतं-बितं काही नसतात म्हणणारा जो कोणी तुमच्यात असेल, त्यानं अगदी पुढं येऊन बसावं, कारण ही गोष्ट त्याच मताच्या दोन माणसांची आहे. त्यातली उत्तरा आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतली सून. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखतो. उंची जेमतेम पाच फूट, पण जीभ चांगली सहा फुटांची. दुसरा धम्मानंद, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्याच्या दुकानात तुम्हाला लिंबू-मिरची दिसणार नाही. कुणी गाडीला बांधून आणलीच, तर तो आधी ती काढायला लावतो, मग बोनेट उघडतो.

उत्तराचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची २०१२ सालची सात सीटांची गाडी तिनं आपल्या नावावर करून घेतली, आणि पहाटे चारला गल्लीतल्या पाच फळविक्या बायांना कळमन्याच्या बाजारात न्यायला लागली. घर त्यावरच चालायचं. बाई गाडी चालवते म्हणून नाकं मुरडणारेही हळूहळू गप्प झाले होते. पण दिवाळीनंतर गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. आभाळ कोरडं आणि वायपर चालू. रस्त्यात दारं आपोआप लॉक व्हायची. रात्री अंगणात उभ्या उभ्या हॉर्न वाजायचा.

गल्लीला तेवढंच हवं होतं. नवऱ्याचा जीव गाडीत अडकलाय, बायकोनं स्टेअरिंगला हात लावलेला त्याला खपत नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मोठे दीर गणपतराव यांच्या तर हे पथ्यावरच पडलं. गाडीवर त्यांचा डोळा पहिल्यापासून होता.

"बुधवारी मी गिऱ्हाईक घेऊन येतो," ते म्हणाले. "तोवर हे थांबलं नाही त गाडी विकाची. घरात आणखी एक मरण नाही पाहाचं मले."

"ज्यानं स्वतः बाजूले बसून मले गाडी शिकवली, तो मेल्यावर काहून अडवन भाऊजी?" उत्तरा म्हणाली. "हे वायरींचं काम आहे. मी करून आणतो."

हो, आमच्याकडं बायाही कधी कधी 'आणतो' असंच म्हणतात, हसू नका.

शनिवारी ती गाडी घेऊन धम्मानंदकडं गेली. त्यानं डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, टॉर्च तोंडात धरला आणि पोळ्यांच्या डब्याएवढी एक काळी पेटी बाहेर ओढली. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. लाइट, लॉक, हॉर्न, वायपर, सगळ्यांचा कारभार त्या एका पेटीत. पुढच्या काचेचं रबर फाटून पाणी तिच्यात झिरपलं होतं आणि आतल्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या.

"हे पाहा वहिनी, तुमचं भूत," धम्मानंद म्हणाला. "रंगानं हिरवं आहे."

या मॉडेलची नवी पेटी आता मिळत नाही. म्हणून त्यानं ओळखीच्या भंगारवाल्याकडून तशाच एका गाडीची जुनी आणली, बसवली, उत्तराच्या दोन्ही किल्ल्या त्या पेटीच्या ओळखीच्या करून दिल्या. वायपर थांबले. हॉर्न गप्प झाला. उत्तरानं त्या रात्री गल्लीत पेढे वाटले, आणि गणपतरावांच्या घरी दोन जास्तीचे पाठवले.

रविवारी रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी अंगणात टक् असा आवाज झाला. ती खिडकीशी गेली. गाडीचे चारही इंडिकेटर दोनदा लुकलुकले. दारं अनलॉक झाली होती, रिमोटचं बटण दाबल्यावर होतात तशी. अंगणात कुणी नव्हतं. तिच्या दोन्ही किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या होत्या.

पहाटे ती गाडीत बसली तर पाय क्लचला पोचेनात. सीट पार मागं गेलेली होती.

सोमवारीही तेच. वेळ तीच. गल्लीतल्या दोघांनी पाहिलं, आणि मंगळवारी पहाटे पाचातल्या तीनच बाया गाडीत बसल्या.

मंगळवारी संध्याकाळी ती धम्मानंदच्या दुकानात जाऊन उभी राहिली. लाइट आणि लॉकचं ऐकल्यावर त्यानं कपाळावर हात मारला.

"चुकी माही आहे वहिनी. जुन्या मॉड्यूलले आधीच्या गाडीच्या किल्ल्या लक्षात राहतात. त्या आधी पुसाच्या असतात. मी तुमच्या टाकल्या, अन् त्याची पुसाची राहून गेली. कोणाजवळ तरी ते किल्ली असन, अन् तो येऊन बटन दाबून राहिला."

"अन् सीट?"

"सीट काय?"

"सीट कशी सरकते?"

त्या गाडीच्या सीटला वायरच नसते. खालचा लोखंडी दांडा हातानं ओढावा लागतो.

त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. फोन ठेवल्यावर त्यानं हात पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

"पेटीवाली गाडी खाप्याच्या पुलाजवळ उभी सापडली होती," तो म्हणाला. "मालक हातपाय धुवाले कन्हान नदीत उतरला. पाय घसरला. तीन वर्सं झाली."

"किल्ली?"

"खिशात होती."

"अन् माणूस?"

"...सापडला नाही."

किल्ल्या पुसायचं मशीन दुसऱ्या मेकॅनिकनं उमरेडला नेलं होतं, ते सकाळी येणार होतं. धम्मानंद म्हणाला, आजच्या रात्री बॅटरीची तार काढून ठेवा. उत्तरा नाही म्हणाली. आज तार काढून झाकून ठेवलं तरी उद्या जोडावी लागणारच, आणि उद्या बुधवार.

तेवीस डिसेंबर. कडाक्याची थंडी. अंगावर चादर घेऊन ती रात्री एकटीच गाडीत जाऊन बसली. सीट आपल्या मापानं पुढं ओढली. दारं लॉक केली. किल्ली मुठीत धरली. भीती वाटत होती का, असं मी तिला विचारलंय. म्हणाली, वाटत होती ना काका, पण रागही येऊन राहिला होता, अन् राग जास्त होता.

दीड वाजला. दोन वाजले. कुत्री भुंकत होती. मग तीही थांबली.

दोन वीस.

टक्.

लाइट दोनदा लुकलुकले. दारं अनलॉक.

तिनं बटण दाबलं. दारं लॉक.

टक्. अनलॉक.

लॉक.

अनलॉक.

लॉक. तिचा अंगठा दुखायला लागला. ती थांबली नाही.

काचा पांढऱ्या झाल्या. धुकं आतून... की बाहेरून, कळेना. ओल्या रेतीचा वास आला. नदीकाठचा. तिच्या बाजूच्या दाराचा दांडा हलला. वर. खाली. सावकाश. घाई नसलेल्या माणसानं हलवावा तसा.

मग सीट सरकली.

मागं. तिच्यासकट.

पाय पेडलवरून सुटले. तिनं खालचा दांडा धरला, स्टेअरिंगला लोंबकळली, ओढलं. सीट पुढं आली. पुन्हा मागं गेली. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा मागं... तिसऱ्यांदा तिनं छाती स्टेअरिंगला टेकवली आणि दोन्ही हातांनी मिठी मारली. तेवढ्यानं हॉर्न दाबला गेला असणार. तो वाजला नाही.

कानामागं काहीतरी गार होतं. श्वास नव्हे. नुसतं गार.

"भाऊ," उत्तरा म्हणाली. आवाज फाटला होता, पण ती बोलली. "तुमच्यासंग वाईट झालं. मले मालूम आहे. माह्यासंगही झालं. पण ही तुमची गाडी नाही. तुमची गाडी गेली. पेटी तुमची असन, गाडी माही आहे. पाच बाया हिच्या भरोशावर आहेत, अन् मी आहो. मी उतरणार नाही. मारून टाकलं तरी उतरणार नाही."

...

"यायचंच असन त बाजूले बसा. स्टेअरिंग नाही देत."

काहीच नाही.

मग सीटवरचा जोर गेला. ती आपली आपण पुढं आली, हळूच, तिच्या मापापर्यंत. तिथंच थांबली.

डावीकडचं दार उघडलं.

लागलं.

उत्तरानं मान वळवली नाही. समोर पाहत राहिली. चार वाजेपर्यंत. एकदाही नाही.

चारला बाया आल्या. सोमवारचं ऐकलं होतं त्यांनी, तरी आल्या, कारण उत्तरा हॉर्न मारत होती आणि हॉर्न वाजत होता. सगळ्यात वयस्क यमुताई नेहमी पुढं बसायच्या. त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि तिथंच थबकल्या.

"उत्तरा... इथं कोण बसलं होतं वं?"

"तुम्ही मागं बसा मावशी," उत्तरा म्हणाली, आणि तिनं गाडी काढली.

दहाला धम्मानंदनं मशीन लावलं. पेटीच्या आठवणीत तीन किल्ल्या होत्या. त्यानं एक पुसली, दोन राहिल्या. त्या दिवसापासून लाइट लुकलुकलेले नाहीत. गणपतराव गिऱ्हाईक घेऊन आले, त्यांनी डावीकडून आत डोकावलं, आणि पाच मिनिटांत गिऱ्हाइकालाच घेऊन परत गेले. गाडी अजून रोज कळमन्याला जाते, चालवते उत्तराच.

फक्त पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसत नाही. बसता येतच नाही. त्या पहाटे त्या रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला सापडला, पोटाशी अगदी घट्ट, माणूस आत असल्यासारखा, आणि पिळला तर पाणी निघेल इतका ओला. बकल आजतागायत उघडलेलं नाही. धम्मानंद म्हणतो, रेती अडकली असेल.