दुपारची भांडी

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडलेली आहे. ऐकीव नाही. नीरजाने मला ती स्वतः सांगितली. आणि नीरजा उगाच घाबरणारी बाई नाही. तुम्हाला विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी त्या घरात जाते-येते, मला ठेवावाच लागतो.

एक आधीच सांगते. यात रात्र नाही. अमावस्या नाही. सुनसान रस्ता नाही.

जे झालं ते डोंबिवली पूर्वेला, सहाव्या मजल्यावर, भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना झालं.

घरात माणसं तीन. नीरजा, तिचा नवरा सौमित्र आणि सासरे अण्णा. सासूबाई, म्हणजे उत्तराकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस, पण तोंडातून एक शब्द फुटेना.

त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकलेला. पडल्या पडल्या समोर स्वयंपाकघराचं दार दिसायचं.

झटक्यानंतर अण्णांना आवाज सोसेनासा झाला. मोरीत एखादं ताट जरी आपटलं तरी त्यांचं सगळं अंग उडायचं. मग तासभर श्वास लागलेला. नीरजा घरून काम करते. दुपारी भांडी घासायला बाई आली की ती लॅपटॉप सोडून अण्णांचा हात धरून बसायची.

"डिशवॉशर घेऊया," एक दिवस सौमित्र म्हणाला. "पण बिनआवाजाचा."

पंधरा-वीस दिवस दोघं त्याच मागे होते. लोकांचे अनुभव वाच, ओळखीपाळखीत विचार. एकाचा पंप टिकत नाही, दुसऱ्याला दुरुस्तीला माणूस मिळत नाही, तिसरा वॉशिंग मशीनसारखा घरघरतो. शेवटी माजिवड्याच्या एका दुकानात राजरत्न नावाच्या सेल्समनने त्यांना एका मशीनसमोर उभं केलं.

"मॅडम, हात ठेवून बघा."

नीरजाने हात ठेवला. दार किंचित कोमट लागलं.

"हे चालू आहे?"

"कधीचं! कळतच नाही ना? म्हणून खाली फरशीवर लाल ठिपका पडतो. ठिपका दिसला की समजायचं, चालू आहे."

"अरे, पण कुकर, कढई बसणार का यात?" सौमित्रने विचारलं. "आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं."

"वरचा ट्रे उचलून घ्यायचा सर, कढई आरामात बसते. जड पाण्यासाठी आत मीठ घालायचं. बाकी काही बघायचं नाही."

मशीन घरी आलं, भांड्यांची बाई बंद झाली. आणि खरंच, पहिले काही दिवस घर इतकं शांत होतं की नीरजाला रडू यायचं. जेवणं झाली की ती भांडी आत लावायची, बटण दाबायची. फरशीवर लाल ठिपका. अण्णा गाढ झोपलेले.

मग एका दुपारी ती आतल्या खोलीत काम करत होती, तेव्हा तिला आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

कोणीतरी पातेलं घासत होतं. हाताने. जोर लावून.

वरच्या मजल्यावर असेल, तिला वाटलं. पण मग बांगड्या वाजल्या. काचेच्या. पातेल्याच्या काठाला लागत होत्या, त्या ठेक्यात.

आणि तो आवाज वरून येत नव्हता.

ती उठून हॉलमध्ये आली... आवाज बंद.

स्वयंपाकघर रिकामं. ओटा कोरडा. फरशीवर लाल ठिपका. मशीन आपलं गुपचूप चाललेलं.

अण्णा मात्र जागे होते. डोळे स्वयंपाकघराच्या दारावर. पापणी लवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दरवेळी ती बाहेर आली की सगळं चिडीचूप. दुरुस्तीवाला कुंडलिक येऊन मशीन उघडून, चालवून, कान लावून गेला. "एकदम नॉर्मल आहे ताई," म्हणाला. ती काय सांगणार त्याला? बांगड्या वाजतात म्हणून?

मग घरात एक वास यायला लागला. ओला, थंड, धुरकट. एमआयडीसीचा वास असेल म्हणून ती खिडक्या लावून घ्यायची. खिडक्या लावल्या की वास वाढायचा.

एका दुपारी तिने ठरवलं. खरकटी भांडी मशीनमध्ये लावली, पण बटण दाबलं नाही. प्लग काढून ठेवला. आणि आत जाऊन बसली.

खर्र... खर्र... खर्र...

ती जागची हलली नाही. आवाज पूर्ण थांबेपर्यंत तशीच बसून राहिली. मग जाऊन मशीनचं दार उघडलं.

भांडी लख्ख होती.

ताटं, वाट्या, आमटीचं पातेलं... सगळं पालथं घातलेलं. पातेल्याच्या कडेला बोटाएवढा राखाडी ओघळ होता. तिने तो पुसून नाकाशी नेला.

राख. ओली राख.

त्या घरात राख कुठून येणार? सहावा मजला, पाइपचा गॅस. साधी उदबत्तीसुद्धा अण्णांच्या खोकल्यामुळे बंद केलेली.

संध्याकाळी सौमित्र आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं, तो हसेल. तो हसला नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"आई असेल," तो म्हणाला. "अगं, तिला खरकटं पडलेलं चालायचंच नाही. अण्णा असे पडलेत म्हणून आली असेल."

"सौमित्र, अण्णा घाबरतात रे."

"घाबरत नाहीत. त्यांना भरून येतं. बोलता येत नाही ना."

"आपण हे मशीन परत देऊ या. प्लीज."

"माझी आई घरात आलीय, नीरजा. आणि तू तिला बाहेर काढायला सांगतेस?"

शनिवारी-रविवारी सौमित्र घरी असायचा, कानात प्राण आणून बसायचा. त्याला कधी काही ऐकू आलं नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटायचं.

नीरजा अण्णांच्या जवळ बसली. त्यांचा डावा हात हातात घेतला.

"अण्णा, स्वयंपाकघरात कोणी दिसतं का तुम्हाला? आई असतात का?"

अण्णांनी तिचा हात घट्ट धरला. इतका घट्ट, की तिची अंगठी बोटात रुतली. ते काहीतरी सांगायची धडपड करत होते. तोंड वाकडं व्हायचं, घशातून नुसती घरघर. शेवटी डोळ्यांतून पाणी आलं.

भरून आलं होतं? की दुसरं काही? तिला कळेना.

त्या दिवसापासून तिने त्यांना दुपारी एकटं सोडलं नाही. पलंगाशेजारी खुर्ची टाकून तिथेच काम करायला लागली. आणि आवाज थांबला. काही दिवस अगदी काही नाही. तिला वाटलं, संपलं.

मग तो गुरुवार आला.

सौमित्र ऑफिसला गेलेला. जेवणं झालेली. खाली सोसायटीत भाजीवाला ओरडत होता. नीरजा एका हाताने टाइप करत होती, दुसरा हात अण्णांच्या हातात.

भाजीवाल्याचा आवाज मध्येच तुटला.

पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

आणि स्वयंपाकघरातून...

खर्र... खर्र...

आता तिच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये फक्त एक उघडं दार होतं. तिला तिथून अर्धा ओटा दिसत होता. तिथे कोणीच नव्हतं. तरी शेवटचं भांडं पालथं घातल्याचा आवाज तिने ऐकला. पाणी थांबलं. बांगड्या कोपराकडे सारल्याचा आवाज झाला. मग पदराला हात पुसल्यासारखी सळसळ.

आणि पावलं. ओली. चप्... चप्...

उठायचं, अण्णांच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं, ओरडायचं. तिने सगळं ठरवलं. पण तिच्या अंगाने तिचं ऐकलं नाही. मान वळेना. घशातून आवाज निघेना. अण्णा इतके महिने जसे पडून होते, तशीच ती त्या खुर्चीत बसून राहिली.

ओल्या राखेचा वास तोंडावर आला.

तिला फक्त पलंग आणि अण्णांचे डोळे दिसत होते. ते डोळे दारापासून सरकत सरकत आले... पलंगाच्या पायथ्याशी... मग पलंगाच्या पलीकडच्या अंगाला.

तिथे गादी दबली.

अण्णांचा उजवा हात, तो मेलेला हात, हळूहळू वर उचलला गेला. तो त्यांनी उचलला नव्हता. मनगटातून लोंबत होता, कोणी धरून उचलावा तसा.

आणि अण्णा बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. अगदी स्पष्ट, वर्गात बोलायचे तसे.

"नीरजा... ही कोण?"

तेवढंच.

हात गादीवर पडला. भाजीवाल्याचा आवाज परत आला. नीरजाची मान सुटली आणि ती किंचाळली, पण तोवर अण्णा गेले होते.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. या वयात होतं. त्यांनी उजवा हात उचलून पाहिला आणि क्षणभर थांबले. त्या हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. नखांत काळं भरलेलं. "स्पंज देताना पाण्यात राहिला होता का?" त्यांनी विचारलं. नीरजा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. सौमित्र सगळ्यांना सांगत होता, "आई न्यायला आली होती. अण्णा एकटे गेले नाहीत." बायका डोळे पुसत होत्या. नशीबवान म्हणत होत्या.

नीरजाने त्याला अण्णांचे शेवटचे शब्द सांगितले नाहीत. मला सांगितले. "त्याला आता तेवढाच आधार आहे गं, मैथिली," ती म्हणाली. "तो कसा काढून घेऊ? पण चाळीस वर्षं संसार केलेला माणूस आपल्या बायकोला ओळखणार नाही का?"

मशीन अजून तिथेच आहे. सौमित्र ते हलवू देत नाही. नीरजा म्हणते, तिला आता काहीच ऐकू येत नाही. आवाज नाही, वास नाही.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर आम्ही दोघी हॉलमध्ये बोलत होतो. सौमित्र स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, आमच्याकडे पाठ करून बसला होता. आताशा तो रोज दुपारी घरी थांबतो, ऑफिसला जात नाही. मी कशावरून तरी हसले तसा तो वळला. चेहरा इतका समाधानी होता की मला बघवेना.

"हळू बोला गं," तो कुजबुजला. "बोलतेय ती माझ्याशी."

नीरजाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

आणि तो पुन्हा आत तोंड करून, मान डोलवत, "हो... हो... येतो..." म्हणत बसला.