लेन्सवरचं टोपण

बस बंद पडली ती नेमकी आमच्या दुकानासमोर. बंद पडायला त्या रस्त्यावर दीड किलोमीटर जागा होती, पण बसला अक्कल असते असं माझं जुनं मत आहे. प्रवासी दुसऱ्या बसमध्ये चढले, डेपोतून मेकॅनिक निघाला, आणि बाह्या दुमडत ड्रायव्हर खाली उतरली. हो, उतरली. आमच्या रस्त्यावर बस चालवणारी ती एकटीच मुलगी, आणि वळण असं घ्यायची की वळणावर झोपलेलं मांजर फक्त कूस बदलायचं.

आमचं दुकान जुन्या कॅमेऱ्यांचं. मी काउंटरवर बसतो आणि थापा मारतो. काम सगळं माझा भाचा करतो. डोळ्याला भिंग लावून तो आतलं एकेक चाक पुसत असतो. दोन गल्ल्या पलीकडे कुणी कॅमेऱ्याचं शटर उडवलं, तर त्याचा वेग तिसावर होता की साठावर हे तो सांगेल. समोरचं माणूस हसतंय की रागावलंय, ते मात्र त्याला कळत नाही.

"रोज वापरायला कॅमेरा मिळेल का?" तिनं विचारलं.

"रोज म्हणजे?" भिंग न काढताच भाचा म्हणाला.

"रोज म्हणजे रोज. दात घासतो तसा. शेवटच्या स्टॉपवर मला अकरा मिनिटं मिळतात, त्यात काढायचे फोटो. हलका हवा, आवाज कमी हवा... आणि काढल्या काढल्या फोटो दाखवणारा नको."

"का बरं?"

"दिवसभर सहा आरशांत बघते मी. सातवी काच कशाला?"

भाच्यानं भिंग काढलं. हे तो फक्त दुर्मिळ लेन्स आली की करतो.

त्यानं एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा काढला. लेन्स बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची, रोल तळातून घालायचा, आणि त्याआधी फिल्मची जीभ, म्हणजे पुढचं टोक, कात्रीनं लांब कापायची. हे सगळं त्यानं इतकं मन लावून सांगितलं, की बाहेर मेकॅनिक येऊन हॉर्न वाजवतोय हे दोघांनाही ऐकू आलं नाही.

"या खिडकीतून बघा. माझ्याकडे नको, त्या घड्याळाकडे."

ती त्याच्याकडेच बघत होती. "तुम्ही दोन दिसताय."

"रिंग फिरवा. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली की फोकस झाला."

"थांबा... हलू नका... झालात एक." कॅमेरा डोळ्यावरून न काढता ती म्हणाली, "दोघांपेक्षा हा बरा आहे."

भाच्याचे कान डार्करूममधल्या दिव्यासारखे लाल झाले. त्या उजेडात फोटो धुता आले असते.

"एक लक्षात ठेवा," तो घाईनं म्हणाला. "बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्सवर टोपण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं, आणि रोल कोरा जातो. पण टोपण न लावता उन्हात ठेवलात, तर आतल्या कापडी पडद्याला भोक पडतं."

"म्हणजे लावलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत."

"लग्नासारखं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे. आठवडाभर वापरून बघितल्याशिवाय कॅमेरा विकायचा नाही. जावई असा वापरून बघता येत नाही, निदान कॅमेरा तरी बघावा. गिऱ्हाइकानं एक रोल काढून आणायचा, आम्ही तो धुवायचा, मग काय ते ठरवायचं. शनिवारी दुपारनंतर तिला सुट्टी असे. म्हणून शनिवार ठरला.

आता गंमत ऐका. तिला हवा तसा कॅमेरा दुकानात होता. वरच्या फळीवर, पिवळ्या फडक्यात. हलका, खिडकी आरशासारखी स्वच्छ, आणि शटरचा आवाज कसा, तर पुस्तकाचं पान उलटावं तसा. भाच्यानं तीन महिने खपून स्वतः जुळवलेला. तो त्यानं पहिल्या दिवशी काढला नाही, हे समजू शकतो. पण पुढच्या शनिवारी ती आली, "खिडकी अंधारी आहे हो, मोतीबिंदू झाल्यासारखी," म्हणाली, तेव्हाही त्यानं फळीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"त्या फडक्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"ते... दुरुस्तीला आलंय," भाचा म्हणाला.

भाचा माझाच. थाप मात्र अगदी कच्ची.

त्यानं तिला दुसरा दिला. तो जरा जड होता, पण दुसऱ्या शनिवारी रोल धुतला तर छत्तीसच्या छत्तीस फोटो झकास. रिकाम्या सीटवर विसरलेला मोजा, टपावर बसलेले कावळे, चहाच्या कपात पडलेलं ऊन.

"छान आलेत," भाचा म्हणाला, पण आवाज असा की कुणी गेल्याची बातमी सांगतोय. "हाच घ्यायला हरकत नाही."

तिनं फोटो बघितले, मग त्याच्याकडे बघितलं. "अजून एक आठवडा वापरून बघते."

तिसऱ्या शनिवारी रोल कोरा. पाण्यासारखा कोरा.

"टोपण राहिलं असेल," भाचा हळूच म्हणाला.

"बघा ना... किती वेंधळी मी." कपाळावर हात मारत ती हसली, आणि नवा रोल घेऊन गेली.

चौथ्या शनिवारी पुन्हा कोरा. या वेळी भाचा म्हणाला, "शटर असेल. बघतो मी." शटरला धाड भरली नव्हती. त्यानं तिच्यासमोर कॅमेरा उघडला, अर्धा तास नुसता उघडा ठेवला, आणि ती स्टुलावर बसून आपल्या मार्गावरच्या गमती सांगत राहिली. मला चहाला बाहेर पाठवलं. दोनदा.

पाचव्या शनिवारी ती आली ती उभीच राहिली. रोल काउंटरवर ठेवला.

"सोमवारपासून माझा डेपो बदलतोय. शहराच्या त्या टोकाला, टेकडीचा मार्ग. शनिवारी पूर्ण ड्यूटी." बोटानं ती रोल गोल फिरवत होती. "तेव्हा आज कुठलाही एक देऊन टाका. जो असेल तो."

भाचा रोल उचलून डार्करूममध्ये गेला.

तो बाहेर आला तेव्हा हातात ओली फिल्म होती. "पस्तीस कोरे आहेत," तो म्हणाला. "आणि शेवटचा..."

त्यानं ती उजेडासमोर धरली. बसच्या मोठ्या काचेतून, सिग्नलला थांबून काढलेलं आमचं दुकान. खिडकीत भाचा, डोळ्याला भिंग. फोकस असा, की निगेटिव्हवरही भुवईचे केस मोजावेत.

"पस्तीस वेळा टोपण विसरलात?" त्यानं विचारलं.

"सहा आरसे सांभाळते मी," ती हळू आवाजात म्हणाली. "मी काही विसरत नाही."

"मग..."

"फोटो चांगले आले की तुम्ही म्हणता, हाच घ्या. घेतला की झालं. मग यायचं कशाला?"

आता बोलायची पाळी त्याची. पण तो फिल्म धरून असा उभा, की थेंब गळून बूट भिजला तरी पत्ता नाही. मी जन्मभर थापा मारल्या. म्हटलं, घरात कुणीतरी आज खरं बोलायला हवं. स्टुलावर चढलो, पिवळं फडकं खाली आणलं, तिच्यापुढे उलगडलं.

तिनं कॅमेरा उचलला. खिडकीतून बघितलं, शटर दाबलं. पान उलटल्यासारखा आवाज झाला.

"हा कधीपासून आहे इथे?"

"तुझी बस बंद पडली त्याच्या आधीपासून," मी म्हणालो.

ती भाच्याकडे वळली. "म्हणजे पाच शनिवार तुम्ही मला मुद्दाम वाईट कॅमेरे दिलेत?"

"वाईट नाही... जरा कमी चांगले." मग त्यानं श्वास घेतला. "हा दिला असता, तर तू पुन्हा आली नसतीस."

'तू' म्हणाला. त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

"आता माझी सुट्टी मंगळवारी," ती म्हणाली.

"मंगळवारी दुकान बंद असतं," भाचा रडवेल्या तोंडानं म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मी त्याच्याकडे बघत राहिलो. दोन गल्ल्यांपलीकडचं शटर ऐकणारा माणूस, पण हे ऐकायला त्याला पुरतं अर्धं मिनिट लागलं.

"अरे..." तो म्हणाला. "बंद असतं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि इतकी हसली की त्यालाही कळलं, ही हसतेय.

तिनं तोच कॅमेरा घेतला. भाच्यानं त्यात फिल्म घातली, जीभ दोनदा चुकीची कापली. मग ती माझ्याकडे वळली. इतके दिवस मला काका म्हणायची.

"मामा, आमचा एक काढा."

दोघं खिडकीशी उभे राहिले. मध्ये थोडं अंतर होतं, ते मी रिंग फिरवेपर्यंत उरलं नाही. मी फोकस लावला, श्वास रोखला, दाबलं. ऐटीत कॅमेरा खाली घेतला, तर टोपण जिथल्या तिथे.

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "पुन्हा काढतो."

"राहू द्या, मामा," ती म्हणाली. तिचा हात त्याच्या हातात होता. "मंगळवारी काढू. आता घाई कसली?"