चित्रकलेच्या वर्गातला सुतार

रंगाच्या पाण्याचे तीन डबे सांभाळत ती घाईघाईने वर्गाबाहेर निघाली आणि दारात आडव्या ताणलेल्या मापाच्या टेपला अडखळली. डबे उडाले. टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा बसलेला तरुण सुतार डोक्यापासून गुडघ्यापर्यंत निळा झाला.

"अगं बाई! लागलं का हो, दादा?"

"लागलं नाही, रंगलो." तो डोळे पुसत हसला. "फक्त... दादा तेवढं म्हणू नका."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवायची. चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण या एका वाक्यापुढे तिची बोबडी वळली. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मांडणीसाठी आलात ना? वर्षभर अर्ज करतेय हो! चित्रं वाळवायला जागा नाही. पोरं एकमेकांच्या ओल्या चित्रांवर बसतात."

त्याने टेप हळूच गुंडाळला. क्षणभर थांबला.

"हो... मांडणीसाठीच," तो म्हणाला.

मग तो रोज येऊ लागला. मागच्या भिंतीशी फळ्या तासायचा आणि तिचा वर्ग बघायचा. तिच्या वर्गात मंत्रिमंडळ होतं. ब्रशमंत्री, पाणीमंत्री, आणि फडकेमंत्री, ज्याचं स्वतःचं नाक कायम वाहत असे. कोणी कुत्रा जांभळा रंगवला तर ती विचारायची, "याला थंडी वाजतेय का रे?" शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. ती शाळेत कोणाशीच बोलत नसे. फक्त इथे, चित्र दाखवताना, एवढंच म्हणायची, "बाई, बघा."

"तुमच्या मंत्रिमंडळात एखादी जागा रिकामी आहे?" एकदा त्याने विचारलं.

"तुम्हाला काय येतं?"

"बघत बसता येतं."

"त्याचं खातं नाही आमच्याकडे," ती म्हणाली. पण पाठ फिरवून हसली.

घरी वहिनीने तिच्या केसांतून लाकडाचा भुसा वेचला. "चित्रकलेत भुसा कधीपासून वापरतात गं?" तिने वेणी पुढे ओढून घेतली, आणि वहिनी समजायचं ते समजली.

तीन आठवड्यांनी मांडणी उभी राहिली. बारा खण, गुळगुळीत कडा, अगदी खालचा खण चिमुकल्यांच्या हाताला येईल असा. ती प्रत्येक खणावरून हात फिरवत गेली. शेवटच्या फळीवर त्याचा हात होता... तिने आपला मागे घेतला नाही.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता.

हा क्षण तिला एवढ्यात संपवायचा नव्हता. "उद्या सांगा," ती म्हणाली. "उद्या नीट ऐकेन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या बाईंनी तिला कार्यालयात बोलावलं.

"मुलं वाढली, खोल्या पुरत नाहीत. चित्रकलेच्या वर्गात मध्ये लाकडी भिंत घालून दोन वर्ग होतील. कालच्या बैठकीत पक्कं झालं, आता माझ्याही हातात नाही." मग त्या जरा नवलाने म्हणाल्या, "मापं तर महिन्यापूर्वीच घेतली. सुताराने सांगितलं नाही?"

तो मांडणीशी उभा होता. तिचा चेहरा पाहताच त्याने मान खाली घातली.

"काल हेच सांगणार होतात?"

"हो."

"मला वाटलं..."

"तेही सांगणार होतो."

"आधी कळलं असतं तर पालकांना गोळा केलं असतं. बैठकीत जाऊन भांडले असते मी!"

"मांडणी म्हटल्यावर तुमचा चेहरा असा फुलला... माझी जीभच उचलली नाही. लाकूड घरचं आणलं. रोज ठरवायचो, उद्या सांगू."

"तुमच्या उद्यापायी माझ्या पोरांचा वर्ग गेला," ती म्हणाली. भिंतीचं काम त्याने सोडलं. ते दुसऱ्या कोणी केलं.

चित्रकलेचा वर्ग गेल्यावर तिला दूरच्या गावी शाळा मिळाली. निघायच्या दिवशी तिचा भाऊ आणि वहिनी सामान चढवत होते, तेव्हा तो बसथांब्यावर आला.

"राग गेला?"

"नाही." तिने त्याच्याकडे पाहिलं. "प्रेमही नाही गेलं. आधी काय जातंय ते बघू."

"राग गेला तर?"

"पत्र टाकीन."

"आणि प्रेम..."

बस सुटली. तो थोडं अंतर चालत आला, मग थांबला.

राग वर्षाच्या आत गेला. एका पोराचं चित्र स्पर्धेतून नापसंत होऊन परत आलं होतं आणि ते त्या पोराला सांगायला तिला चार दिवस धीर झाला नाही. सुताराची जीभ तेव्हा का उचलली नव्हती, ते तिला कळलं. पाचव्या दिवशी तिने त्याला पत्र लिहिलं. फक्त दोन ओळी. पंधरा दिवसांनी ते न उघडताच परत आलं. पाठीवर कोणीतरी लिहिलं होतं, 'दुकान बंद. गाव सोडून गेले.' तिने वहिनीला विचारायला सांगितलं. कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी ती नळाखाली ब्रश धूत उभी राहिली. पाणी कधीच स्वच्छ झालं होतं, तरी ती धूत होती. एक चिमुरडी शेजारी येऊन वर बघत राहिली.

"बाई, डोळ्यांत रंग गेला?"

"हो गं," ती म्हणाली, आणि नळ बंद केला.