अडकणारे हात

"तुम्ही शेवटचे कधी हसला होतात?"

प्रश्न राजसीचा नव्हताच मुळी. तो सुरुचीच्या डोक्यातून निघालेला, सोनियाने त्याला धार लावलेली, आणि 'हिंमत असेल तर विचारून दाखव' म्हणत दोघींनी मिळून राजसीच्या गळ्यात मारलेला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये वासूअंकलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे सुरुचीचा लॅपटॉप पडून होता. मागच्या टेबलाशी एक मुलगा कायम पाठमोरा बसलेला असायचा, मानेवर टेबललॅम्पचा पिवळा उजेड आणि बोटांत चिमटा. या तिघी मैत्रिणी अंबरनाथहून दोनदा येऊन गेल्या, तरी पठ्ठ्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आता तीन-तीन मुली दुकानात खिदळतायत आणि एखादा मुलगा ढिम्म बसून राहतो, याचा अर्थ काय घ्यायचा? गर्विष्ठ असणार, असं सुरुचीचं मत पडलं.

राजसीने विचारलं. उत्तर नाही. तिने एक पाऊल पुढे टाकून पुन्हा विचारलं, जरा लाडिक सुरात. तरी नाही. तिसऱ्यांदा तर तिने तो प्रश्न जवळजवळ गाऊनच दाखवला, आणि मागे दोघी ओढणीत तोंड खुपसून हसायला लागल्या.

वासूअंकलनी चहाची बशी खाली ठेवली. "किसको पूछ रही है, बेटा? वो सुनता नहीं है. बचपन से."

हसणं तिथल्या तिथे विझलं. तेवढ्यात राजसीची सावली टेबलावर पडली म्हणून तो वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हसूही नव्हतं. काय काम आहे, एवढंच ते विचारत होते. तिने लॅपटॉपकडे बोट केलं. त्याने तो पुसून, चार्जरची वायर नीट गुंडाळून तिच्या हातात दिला आणि पुन्हा पाठ केली.

तिघी रिक्षात बसून अंबरनाथला परतल्या.

नंतर कळलेल्या गोष्टी राजसीने वासूअंकलकडून तुकड्यातुकड्याने काढल्या. त्याचं नाव कैलास भोईर, राहणारा मोरिवली गावचा. चार वर्षांचा असताना तापात कान गेले. घरची शेती होती, आता सगळे कंपन्यांत कामाला जातात. मूकबधिरांच्या शाळेत शिकला आणि मशीन उघडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. हे सगळं ऐकून राजसी घरी आली आणि तिने एक ठरवलं. ती एस.वाय.बी.कॉम.ला होती, एकोणीस पूर्ण झालेली, आणि एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. स्वतःच्याही.

ती हातांची भाषा शिकायला लागली.

फोनवर शिकवणाऱ्या बाईंची बोटं मुंगीएवढी दिसायची, म्हणून हॉलच्या कोपऱ्यातला बाबांचा जुना कॉम्प्युटर तिने ताब्यात घेतला. आईला संशय नको म्हणून आवाज बंद. बाई हसऱ्या, निळा कुर्ता घातलेल्या. पण व्हिडिओ म्हणजे शुद्ध छळ. दोन शब्द झाले की पडद्यावर चक्र गरगरायला लागायचं. राजसी आपली हात हवेत धरून, ते थांबायची वाट बघत बसायची. कधी चक्र न फिरताच बाईंचा हात मध्येच थबकायचा आणि मग टुणकन पुढे उडी मारायचा. ते मात्र तिला शिकवण्याची पद्धतच वाटली. बाई थांबल्या की ती थांबे, बाईंनी झटका दिला की तीही देई. एकही धडा कधी शेवटपर्यंत गेला नाही. तरी आरशासमोर उभी राहून तिने एक वाक्य घोटून घोटून पाठ केलं.

मग एका दुपारी कीबोर्ड बिघडल्याची थाप मारून ती दुकानात गेली. या खेपेला एकटी. कैलासने कीबोर्ड घेतला. राजसीने दीर्घ श्वास घेतला आणि हात उचलले...

'मी राजसी. मला तुझ्याशी बोलायचं आहे.'

कैलास बघतच राहिला. तिचा हात वर गेला, अर्ध्यात थबकला, मग एकदम पुढे उडाला. पुन्हा थबकला. पुन्हा उडाला. त्याच्या भुवया वर गेल्या, ओठांचा कोपरा थरथरला — आणि तो हसला. मान मागे टाकून, खांदे हलवत हसला. त्या हसण्याला ओबडधोबड आवाज होता, बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा. वासूअंकलच्या हातातली बशी हातातच राहिली.

राजसीचा चेहरा पडला, तसा तो गडबडला. त्याने घाईघाईने फोनवर टाइप करून तिच्यापुढे धरलं. 'तुमच्या घरी व्हिडिओ अडकतो का?'

तुम्हाला कसं कळलं, असं तिने लिहिलं.

'तुमचे हात अडकतात.'

आता तिलाही हसू आवरेना. हसता हसता तिच्या लक्षात आलं की त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. आणि सुरुचीला किंवा सोनियाला ते सांगावंसं तिला अजिबात वाटत नव्हतं.

व्हिडिओ का अडकतो ते बघायला रविवारी कैलास घरी आला. शिवमंदिराच्या अलीकडे, वालधुनी नदीच्या बाजूला राजसीची सोसायटी. तिचे बाबा विष्णुपंत कंपनीत ऑफिसर होते, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की आधी त्यांचं निदान व्हायचं आणि मग दुरुस्ती. कॉम्प्युटर म्हातारा झालाय, त्याला निवृत्त करा, असं निदान त्यांनी सोफ्यावरूनच केलं. आई, मालिनीताई, चहा देताना कैलासशी मोठमोठ्याने बोलत होत्या. राजसीने डोळे वटारले तेव्हा कुठे त्यांना उमगलं, आणि त्या एकदम कुजबुजायला लागल्या.

कैलासने आधी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. इंटरनेटची वायर कुठून येते ते बघत बघत तो दारापासून निघाला आणि थेट बेडरूममधल्या लोखंडी कपाटापाशी थांबला. वायर कपाटाच्या मागच्या भोकातून आत गेली होती. बाईमाणसाचं कपाट... त्याने मालिनीताईंकडे वळून हात जोडले आणि परवानगी मागितली. त्यांनी लाजत दार उघडलं. आत पैठणी आणि डांबरगोळ्यांच्या मधोमध, क्रोशाच्या टोपड्यात गुंडाळलेलं वायफायचं डबडं तान्ह्या बाळासारखं झोपलं होतं.

"धूळ बसते ना त्याच्यावर," मालिनीताई म्हणाल्या. "आणि रात्री दिवे लुकलुकतात मेले."

कैलासने टोपडं काढून, घडी घालून त्यांच्या हातात दिलं आणि डबडं कपाटाच्या माथ्यावर मोकळं ठेवलं. लोखंडात कोंडलेला सिग्नल सुटला आणि गरगरणारं चक्र गेलं. बाबांनी निदान मागे घेतलं नाही, पण चष्मा मात्र काढून पुसला.

मग तो कॉम्प्युटरसमोर बसला. अडकणारा व्हिडिओ कोणता ते बघायला हवं होतं. त्याने त्या कॉम्प्युटरवर आधी पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची यादी उघडली. राजसी अडवायला पुढे झाली, पण उशीर झाला होता. वरपासून खालपर्यंत निळ्या कुर्त्यातल्या बाई. एकामागून एक, सगळे धडे. ती हातांची भाषा कुठून शिकली ते त्याने ओळखलं होतंच, पण इतके धडे? आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. बाबांनी पेपर खाली घेतला. कैलासने राजसीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढं काही होतं की तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

त्याने पडद्यावर नोटपॅड उघडलं. 'चक्र नाही तरी हात उडी मारतो. कारण चित्र दाखवायचं काम एकट्या प्रोसेसरवर पडलंय. ज्याचं काम आहे तो ग्राफिक्सचा भाग आत झोपलाय. त्याला उठवतो.'

'मग तो एकटा राहणार नाही?' राजसीने त्याच्या बाजूने वाकून टाइप केलं.

'दोघं मिळून करतील.'

दोघांची बोटं एकाच कीबोर्डवर, आणि मध्ये चार बटणांचं अंतर. त्याने सेटिंग बदललं, ग्राफिक्सचा जुनापुराणा ड्रायव्हर काढून नवा घातला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. बाईंचे हात पडद्यावर तरंगायला लागले, ओढ्याच्या पाण्यासारखे, न अडखळता. राजसीने नकळत टाळी वाजवली.

कैलास हसला नाही. त्याने पुन्हा नोटपॅड उघडलं आणि थांबत थांबत टाइप केलं.

'त्या दिवशी तुम्ही तिघी हसत होता. माझ्यासमोर बंद स्क्रीन होता. त्यात दिसलं.'

राजसीने टेबलावरचा हात मागे घेतला.

'ते फेडायला शिकत असाल तर फिटलं. राहू दे आता. दया नको.'

तिने कीबोर्ड ओढला. 'नाही' असं टाइप केलं. मग तिला वाटलं, हे खरं आहे का? सुरुवात तर त्याच शरमेतून झाली होती. तिने ते अक्षर अक्षर पुसलं. कर्सर रिकाम्या जागी लुकलुकत राहिला. बाबांनी विचारलं, काय म्हणतोय गं तो? कैलासने नोटपॅड बंद केलं. हे जपून ठेवायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं, तेव्हा त्याने 'नको'वर बोट दाबलं. मालिनीताईंना नमस्कार करून तो जिना उतरून गेला.

"बिचारा," बाबा म्हणाले. "पोरगा हुशार आहे, पण..."

राजसीला तो 'बिचारा' असा झोंबला की ती उठून गॅलरीत गेली. दया नको म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. 'बिचारा' हा शब्द त्याने आयुष्यभर लोकांच्या ओठांवर वाचला असणार. आता त्याच्या लेखी तीही त्यांच्यातलीच एक होती, आणि तसं नाही हे तिला कुठल्याही फोनवर, कुठल्याही नोटपॅडवर सिद्ध करता येणार नव्हतं. करायचं तर त्याच्याच भाषेत.

ती पुन्हा पहिल्या धड्यापासून बसली. या वेळी आवाज चालू ठेवून, घरच्यांदेखत. बाईंचे हात किती साधे होते, किती अखंड. जिथे ती थबकायची तिथे थबकणं नव्हतंच. आणि पहिल्यांदाच धडा शेवटपर्यंत गेला, तेव्हा तिथे बाई काय सांगतात तेही तिला समजलं. बाई सांगत होत्या की या भाषेच्या दुभाष्यांची फार गरज आहे. हॉस्पिटलात, कोर्टात, बँकेत माणसं येतात, सांगायचं खूप असतं आणि समोरच्याला कळत नाही. मुंबईत त्याचा दोन वर्षांचा कोर्स आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी त्या हेच सांगत होत्या, आणि राजसीचा व्हिडिओ दर वेळी त्याच्या आधीच अडकत होता.

ती दुकानात गेली तेव्हा कैलास नेहमीसारखा पाठमोरा होता. राजसीने हाक मारली नाही. रिकाम्या खोक्यांमधून, वायरींच्या भेंडोळ्यांवरून वाट काढत ती टेबल आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत जाऊन उभी राहिली. त्याच्या बरोबर समोर. वासूअंकल बघत होते. बघू देत.

हातांच्या भाषेत तिला एक गोष्ट फार आवडली होती. 'तू'ला आणि 'तुम्ही'ला एकच बोट. ते तिने त्याच्याकडे केलं.

'तू बरोबर सांगितलंस. त्या दिवशी मी हसले. शरम वाटली, म्हणून शिकायला लागले.' हात कुठेच थांबत नव्हते. 'मग तू हसलास. त्यानंतर शरमेसाठी नाही शिकले. तुझं हसणं मला पुन्हा बघायचं आहे. पुन्हा पुन्हा. ही दया नाही.'

प्रेमाचा शेवटचा शब्द हातांना येत नव्हता असं नाही. बाविसाव्या-तेविसाव्या धड्यात कुठेतरी तो होता, आणि तो तिने सगळ्यात जास्त वेळा बघितला होता. तिने तो केला, आणि हात छातीशीच राहू दिले.

कैलासने चिमटा खाली ठेवला. बराच वेळ तो तिच्या हातांकडेच बघत होता. मग त्याचे हात उठले आणि काहीतरी बोलून गेले, इतक्या वेगाने, इतकं लांब, की तिला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिचे डोळे भरून आले. एवढं सगळं शिकून, नेमकं आत्ताच...

'परत,' ती हातांनी म्हणाली. 'हळू.'

मग त्याचा हात सावकाश वर गेला, अर्ध्यात थबकला, तसाच हवेत राहिला आणि टुणकन पुढे उडाला. पुन्हा थबकला. पुन्हा उडाला. अगदी तिच्या जुन्या व्हिडिओसारखा. आणि हे वाक्य तिला पाठ होतं. तिनेच ते घोटलं होतं, आरशासमोर.

'मला... तुझ्याशी... बोलायचं... आहे.'

राजसी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. आणि समोर तोही हसत होता, खिडकी उघडल्याच्या त्याच आवाजात. वासूअंकलनी चहा सांगितला. तीन.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर राजसीने टीव्ही बंद केला. बातम्या अर्ध्यात राहिल्या म्हणून बाबांनी मान वळवली. तिच्याकडे पाहिल्यावर मात्र त्यांनी रिमोट खाली ठेवला. आई ओले हात पदराला पुसत येऊन बसली.

"बँकेच्या परीक्षेचं तुम्ही ठरवलंय, मला माहीत आहे, बाबा. ती मी देणार नाही. बी.कॉम. पूर्ण करीन आणि मग मुंबईला दुभाष्याचा कोर्स करीन. हातांच्या भाषेचा." बोलता बोलता तिचे हातही बोलत होते, आपसूक, आणि कुठेच अडकत नव्हते.

बाबांनी घसा खाकरला. पण त्यांच्या आधी आईनेच, अगदी हळू आवाजात, विचारलं, "त्या मुलासाठी?"

"त्याच्यासाठी काही करावं लागत नाही गं, आई. तो त्याचं त्याचं सगळं करतो." राजसीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला तो आवडतो. रविवारी तो घरी येणार आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करायला नाही, तुम्हाला भेटायला. चार दिवस आहेत मध्ये. 'ये, बस, चहा घेशील?' एवढं मी तुम्हाला शिकवते. चला, बाबा, हात वर घ्या."