पाच अक्षरांचा पाळणा

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या. कुणाला पटवत बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

२००३ सालचा जुलै. नालासोपारा पूर्व, तिसरा मजला. इमारतीचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात.

मी विनया. घरात माझे मिस्टर चंद्रहास, सासूबाई आणि मी. माझी नणंद उन्नती आदल्या पावसाळ्यात काविळीने गेली. कॉलेजात होती.

तिच्या मागे राहिला तिचा कॉम्प्युटर. क्लाससाठी म्हणून सेकंडहँड घेतलेला. पण क्लासचं कमी आणि गेमच जास्त. रिकाम्या जागेवर बाग वसवायची, त्यात पाळणे उभे करायचे, तिकीट लावायचं. माणसं येतात, फिरतात, दमली की घरी जातात.

पाळण्यांना नावं गेम स्वतःच द्यायचा. पाळण्याचा प्रकार आणि पुढे नंबर. होडी एक, होडी दोन. उन्नतीला ते खपायचं नाही.

"नंबर काय, कैद्यांना देतात. पाळण्याला नाव पाहिजे."

मग ती नंबर खोडून इंग्रजी अक्षरांत मराठी नाव टाकायची. सारखी बंद पडणारी झुकझुक गाडी म्हणजे धोंडूबाई, कारण आमची कामवाली धोंडूबाईही सारखी खाडे करायची. भूतबंगल्याला सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव, नथूकाका. पोटात गोळा आणणाऱ्या पाळण्याचं नाव 'आई' ठेवलं, तेव्हा सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या.

मी कामावरून येऊन ओट्याशी उभी राहिले, की ती माझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायची.

"वहिनी, पळ ना. मी बघते."

मी जाऊन आडवी व्हायचे. पोळ्या करपायच्या, पण व्हायच्या. मी दमलेय हे त्या घरात फक्त तिला दिसायचं.

ती गेल्यावर सासूबाई रोज दिवेलागणीला तो गेम लावायला सांगायच्या. आधी देवापाशी दिवा, मग तो. खेळायचं काही नाही, नुसतं बघायचं.

"तिची माणसं फिरतायत बघ," म्हणायच्या.

आदल्या डिसेंबरात मला सहावा लागला होता, तेव्हाची गोष्ट. ह्यांनी गेम लावला आणि...

बागेच्या कोपऱ्यात एक होडी होती. झुलणारी. आदल्या दिवशी ती तिथे नव्हती.

होडीत कुणी नव्हतं. रांगेतही कुणी नव्हतं.

तरी ती झुलत होती.

ह्यांनी तिच्यावर क्लिक केलं. नाव आलं. नंबर नव्हता.

पी, ए, एल, एन, ए.

"पाळणा," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू टाकलंस?"

"मला कुठे वेळ आहे, अहो?"

सासूबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"माझी पोर परत येतेय रे, चंदू."

मी ती पाच अक्षरं पुन्हा वाचली. मला ती वेगळी ऐकू आली.

पळ ना.

कितीतरी महिन्यांनी सासूबाई हसल्या होत्या, ते हसू मला मोडवेना.

"पण रिकामा पाळणा हलवू नये," त्या म्हणाल्या. "बाळाला बाधतं. बंद कर तो."

ह्यांनी बंद केला. पडद्यावर होडीपुढे लाल दिवा लागला.

होडी झुलतच राहिली...

एप्रिलमध्ये मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं ज्ञानदा. सासूबाईंनी तिला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. त्या उन्नतीच म्हणायच्या.

पाळणा कुठे बांधायचा, यावरून वाद झाला. आतल्या खोलीचं छत ओल धरून फुगलं होतं.

"आई, तिथे नको," मी म्हटलं. "छत गळतंय."

"ती तिथेच झोपायची. तिथेच बांधायचा."

बांधला. भांडायला अंगात जोर तर हवा. पोर रात्ररात्र जागवायची आणि दिवसभर घरकाम असायचंच.

जुलैतल्या त्या दुपारी लाइट गेली होती. हे कामावर. सासूबाई पिठाच्या गिरणीत. दाराला मी आतून कडी घातली होती. पाळण्याची दोरी हातात धरून मी खाली चटईवर पडले. ज्ञानदा नुकतीच झोपली होती.

पाऊस थांबला होता. पंखा बंद. शेजारच्यांचा टीव्ही बंद. एवढी शांतता त्या इमारतीत कधीच नसायची.

आणि कानाशी...

"वहिनी, पळ ना."

मी उठले.

घाबरले नाही हो. तेच तर सांगतेय. उन्नती म्हणाली की उठायचं, ही अंगाला सवय होती. अर्धवट झोपेत बाहेर आले आणि दिवाणावर आडवी झाले.

ज्ञानदाला उचललं नाही.

आतून पाळण्याचा आवाज येत होता. कर्र... कर्र... कुणीतरी हलवतंय, बरं झालं, असं वाटलं. मी कूस बदलली.

कर्र... कर्र...

मग तो आवाज थांबला.

आणि छत कोसळलं.

आत धूळच धूळ. छताचा मोठा तुकडा हुकासकट खाली आला होता आणि पाळणा त्याच्याखाली चेपला होता. मी ओरडत हातांनी सिमेंट उपसलं. नखं तुटली. खाली गोधडी लागली. दुपटं लागलं.

ज्ञानदा नव्हती.

पाळणा रिकामा होता. म्हणजे मघापासून तो रिकामाच हलत होता.

ती बाहेर सापडली. मी जिथे आडवी झाले होते, तिथून दोन हातांवर. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली, गाढ झोपलेली. अंगावर धुळीचा कण नव्हता.

दार कुणीतरी बडवत होतं. सासूबाई आल्या होत्या. कडी तशीच होती, मीच उठून काढली.

"उन्नतीने वाचवलं," सासूबाई सगळ्यांना सांगतात. हेही तेच म्हणतात. मीही मान हलवते.

पण वाचवायचंच होतं, तर तिने मला एकटीला का उठवलं? पोरीला घेऊन पळ, असं का नाही म्हणाली?

आणि दरवेळी 'पळ ना'च्या पुढे ती 'मी बघते' म्हणायची. त्या दुपारी ते मला ऐकू आलं नाही. म्हणाली असेल. मी झोपेत होते.

आम्ही ती जागा सोडली. वसईत भाड्याने राहतो. कॉम्प्युटर भंगारात दिला. ज्ञानदा आता पहिलीत आहे. परवा पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवत होती, तेव्हा ती पाच अक्षरं जुळतील या भीतीने मी तिच्यापाशी बसायचं सोडून आत निघून गेले.

रात्री तिला थोपटता थोपटता माझे डोळे मिटायला लागतात. अंग अगदी गळून गेलेलं असतं. आणि कानाशी...

"वहिनी, पळ ना."

फार मायेने म्हणते. फार झोप आलेली असते मला.

मी पोरीचा हात धरून तशीच बसून राहते.