साक्षीपट्टी

सकाळी सात वाजता द्रौपदा मेश्रामची पट्टी उघडली नाही. तिने अंगठा पुसून पुन्हा दाबला. पट्टीवरचा ठिपका लालच राहिला.

क्षयाची औषधं आता साक्षीपट्टीतूनच मिळत. सुट्या गोळ्या बनायच्या बंद झाल्या होत्या. दिसायला साधं गोळ्यांचं पाकीट. पण ते रोग्याचा अंगठा ओळखून दिवसाला एकच कप्पा उघडी, आणि अंगठ्याच्या घामावरून कालचं औषध रक्तात पोचलं का, तेही तपासी. आठवड्यात तीन चुका झाल्या की पट्टी मिटे. अर्धवट उपचारांनी जंतू औषधाला सरावतात आणि ते सरावलेले जंतू इतरांनाही लागतात; त्यापेक्षा औषध थांबवलेलं बरं, असा त्यामागचा विचार. तो मांडणाऱ्यांपैकी एक, डॉ. केतकी ओगले, तालुक्याच्या केंद्रात बसत. द्रौपदा त्यांच्याकडेच आली.

"तुमच्या घामात एक दिवसाआड औषध दिसत नाही," केतकी म्हणाल्या. "गोळी जाते कुठे?"

द्रौपदाने खिडकीबाहेर पाहिलं. "माह्या मालकाले देतो. एक दिवस मी, एक दिवस ते."

"त्यांची पट्टी?"

"मार्चातच मिटली. चुनाभट्टीवर त्यायच्या अंगठ्याची कातडी जळाली. घामच येत नाही. पट्टी म्हणते, गोळी खाल्लीच नाही. माह्यासमोर खाल्ली होती, मॅडम."

"अर्ज केला नाही?"

"तीनदा केला. तिथंही अंगठाच मागतात."

"पण अशानं उद्या दोघांनाही औषध लागू पडणार नाही."

"समजते मले. पण त्यायच्या थुंकीत रक्त पडते. ते पाहत मी एकटी कशी गिळू?"

मिटलेली पट्टी एकदा उघडून देण्याचा अधिकार केतकींना होता. तिच्या नवऱ्याची, नामदेवची, उघडून उपयोग नव्हता. पट्टीने त्याचा अंगठा पुन्हा नाकारलाच असता. त्यांनी द्रौपदाची उघडली.

"रोज तुम्हीच घ्यायची. आजची माझ्यासमोर."

द्रौपदाने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, जीभ बाहेर काढून दाखवली आणि नमस्कार करून निघाली.

खिडकीतून केतकींना बाहेरच्या बाकावर खोकत बसलेला नामदेव दिसला. द्रौपदा त्याच्याजवळ बसली. तिने गालाच्या आतून बोटाने ओली गोळी काढली आणि त्याच्या जिभेवर ठेवली.

केतकी उठून दारापर्यंत गेल्या. कडीवर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. बाहेर नामदेव सावकाश पाणी पीत होता.